डिझेलच्या टाकीत पेट्रोल : घरी काय करता येतं, काय नाही

वडोदऱ्यात गेली काही वर्षं पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे चार-पाच रुपयांचंच अंतर आहे. मुंबईत ते दहाच्या पुढे जातं, आपल्याकडे नाही. त्यामुळे दोन हजारांचं तेल घातलं तर मीटरवर फार तर एका लिटरचा फरक दिसतो, आणि तेवढ्यानं कोणी चमकत नाही. २०१२ च्या आसपास दोन्ही भावांत वीस-तीस रुपयांची दरी होती. तेव्हा डिझेलऐवजी पेट्रोल पडलं की आकडाच ओरडून सांगायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले, दरी बुजत गेली, आणि पंपावरची चूक पकडून देणारी ती खूणही गेली.

माझ्या मामेभावाच्या बाबतीत चूक पावतीनं पकडली. कारेलीबागेत राहतो, गाडी डिझेलची, त्याच मॉडेलची पेट्रोल गाडीही रस्त्यावर तितकीच दिसते. पंपावरच्या मुलानं रिवाजाप्रमाणे "झीरो जोई लो" म्हटलं, यानं झीरो पाहिलं, नोझल कुठलं ते पाहिलं नाही. पैसे दिल्यावर वहिनींनी पावती वाचली आणि म्हणाल्या, "अहो, यावर पेट्रोल लिहिलंय." किल्ली अजून फिरवली नव्हती. घर चारशे मीटरवर. चौघांनी धक्का मारून गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली, आणि तिथे सल्ल्यांचा बाजार भरला. कोणी म्हणालं नळी टाकून ओढून घ्या, कोणी म्हणालं वरून डिझेल ओता आणि चालवा, कोणी म्हणालं खालचा बोल्ट उघडून टाकी रिकामी करा. मला फोन आला तो "तू जरा वाचून सांग, घरी होईल ना?" असा. तेव्हापासून मी वाचलेलं, विचारलेलं आणि गॅरेजात उभं राहून पाहिलेलं इथे एकत्र मांडतो आहे. हा प्रश्न क्षुल्लक नाही. त्यात लाखाचं इंजिन जाऊ शकतं आणि माणूसही जाऊ शकतो.

आधी सल्ल्यांपैकी सर्वांत जुना घेऊ : "थोडं पेट्रोल गेलं तर काही होत नाही." हे सांगणारे खोटं बोलत नसतात, ते त्यांच्या काळाचं खरं सांगत असतात. ॲम्बॅसेडरची डिझेल आवृत्ती, मॅटाडोर, महिंद्राची जीप यांच्यावर हात बसलेल्या मेकॅनिकांनी मिसळलेल्या तेलावर गाड्या चालताना पाहिल्या आहेत. थंड देशांत तर १९७० च्या दशकातल्या मर्सिडीझच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असे की कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठू लागलं तर त्यात ठरावीक प्रमाणात पेट्रोल मिसळावं. त्या इंजिनांमधला पंप सैल, दणकट, कमी दाबाचा होता.

आपल्याकडे २००२ च्या सुमारास ह्युंदाई ॲक्सेंट सीआरडीआय आली, २००७ मध्ये मारुतीची डिझेल स्विफ्ट आली, आणि घराघरात कॉमन रेल इंजिन पोहोचलं. या इंजिनात डिझेल १६०० ते २००० बार दाबानं इंजेक्टरमधून फवारलं जातं. आपल्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, त्यावरून अंदाज यावा. एवढा दाब तयार करणाऱ्या पंपाच्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, आणि त्या फटीत वंगण म्हणून दुसरं काही नसतं, खुद्द डिझेलच असतं. म्हणून डिझेलच्या मानकात वंगणगुणाची वेगळी चाचणी आहे : ठरलेल्या रीतीनं धातूवर धातू घासून पडणारा ओरखडा ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा होता कामा नये. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांवर आणलं आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत नैसर्गिक वंगणगुणही कमी होतो, तो रसायन घालून परत आणावा लागतो. अशा काटेकोर तेलात पेट्रोल, म्हणजे जवळजवळ विरघळवणारं द्रावकच, मिसळलं की तो पातळ पडदा फाटतो. पोलादावर पोलाद घासतं. सुटलेला कीस रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या नळीनं पुन्हा टाकीत जातो. मग टाकी धुऊन भागत नाही, पंप, रेल आणि सगळे इंजेक्टर बदलावे लागतात. गॅरेजवाला लाखाचा आकडा सांगतो तो इथून येतो.

म्हणून या सगळ्या प्रश्नाचा काटा एकाच गोष्टीवर आहे : किल्ली फिरली का? सेल्फ मारणं तर दूरच. अनेक गाड्यांत नुसतं इग्निशन चालू केलं तरी टाकीतला विजेवरचा पंप फिरतो आणि तेल फिल्टरकडे ढकलतो, काही गाड्यांत तर दार उघडल्यावरच फिरतो. किल्ली फिरली नसेल आणि हा पंपही फिरला नसेल, तर पेट्रोल फक्त टाकीत आहे आणि नुकसान शून्य आहे. फिरली असेल, गाडी दोन किलोमीटर चालली असेल, तर पुढचं काम तेल काढण्याचं नसून तपासण्याचं आहे, आणि ते घरी होणारं नाहीच. बटणावर सुरू होणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांना न्यूट्रलमध्ये आणायलाही वीज लागते. तिथे धक्का मारण्याचा हट्ट न धरता टोचन करणारी गाडी बोलवावी, तीही चारही चाकं उचलून नेणारी.

भाऊ सुदैवी, किल्ली फिरली नव्हती. मग टाकीतलं काढायचं कसं?

पहिली कल्पना सगळ्यांच्या डोक्यात येते ती नळीची. आमच्या लहानपणी लुनाच्या टाकीतून असंच पेट्रोल काढत : नळी टाकायची, तोंडानं ओढायचं, डब्यात सोडायचं. आताच्या गाड्यांत भरण्याच्या तोंडाशी झडप किंवा जाळी असते, नळी टाकीच्या तळापर्यंत जातच नाही. जोर केला तर नळी अडकते किंवा झडप मोडते. आणि ज्या गाडीत जाते त्या गाडीतही ही गोष्ट करू नये. पेट्रोल इतकं पातळ असतं की घशाला ठसका लागला की ते क्षणात श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाच्या आतल्या पृष्ठभागावर पसरतं. घोटभरानंही रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. रॉकेल प्यायलेली लहान मुलं पूर्वी सरकारी दवाखान्यांत ज्या अवस्थेत आणली जात, तीच ही अवस्था. कोणाच्या पोटात गेलंच तर उलटी मुळीच करवू नये, कारण परत येताना ते छातीत शिरण्याचा धोका वाढतो. सरळ सयाजी हॉस्पिटल गाठावं, खोकला नसला तरी.

दुसरी कल्पना टाकी खालून उघडण्याची किंवा मागच्या सीटखालचं झाकण काढून पंपाच्या जागेतून तेल उपसण्याची. तांत्रिकदृष्ट्या ही बरोबर आहे, गॅरेजातही असंच करतात. फरक जागेचा आहे, आणि या लेखात मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते या जागेबद्दल.

डिझेलवाल्या माणसाला आगीची भीती कमी असते. पेटती काडी डिझेलमध्ये टाकली तर विझते, हे त्यानं ऐकलेलं असतं. ज्या तापमानाला तेलाच्या पृष्ठभागावरची वाफ ठिणगीनं पेट घेते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा तो शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या हवेत ते नेहमीच पेटायला तयार. डिझेलसाठी युरोपात किमान ५५ अंश लागतो, भारतीय मानकात किमान ३५. प्रत्यक्षात मिळणारं डिझेल बहुधा याहून बरं असतं, पण मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा ४२-४३ वर जातो आणि डांबरी रस्ता त्याहून तापतो, हे ध्यानात ठेवलं तर "डिझेल पेटत नाही" हा भरवसाच डळमळतो. त्यात दोन-चार टक्के पेट्रोल मिसळलं की फ्लॅश पॉइंट झपाट्यानं घसरतो. दहा लिटर पडलं असेल तर टाकीत डिझेल जास्त आहे म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. वागणुकीला ते पेट्रोलच आहे.

किंबहुना एका बाबतीत ते पेट्रोलपेक्षा वाईट आहे. बंद टाकीत नुसतं पेट्रोल असेल तर वरच्या जागेत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. नुसतं डिझेल असेल तर वाफ इतकी विरळ की पेटत नाही. दोन्हींचं मिश्रण असेल तर वाफ नेमकी मधल्या, पेट घेणाऱ्या पट्ट्यात येऊ शकते. पेट्रोल वाहून रिकाम्या झालेल्या टँकरमध्ये डिझेल भरताना तेल उद्योग जी जास्तीची काळजी घेतो, ती यासाठी.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, फरशीवर पसरते, उतारानं सरपटते आणि खड्ड्यात साचते. हवेत दीड टक्क्याच्या आतबाहेर झाली की पेटायला पुरते. साधा हिशेब केला तर एका लिटरची पूर्ण वाफ बारा-तेरा घनमीटर हवा पेटती करू शकते. दहा बाय बाराच्या खोलीला अडीच-तीन लिटर पुरले. आता आपल्या सोसायटीचं पार्किंग डोळ्यांपुढे आणा : खांबांवर उभं, तीन बाजूंनी भिंत, एका कोपऱ्यात लिफ्टचा खड्डा, दुसऱ्यात पाण्याच्या टाकीची मोटर, मीटरची पेटी, आणि आता विजेच्या स्कूटरचं चार्जिंग. पाण्याची मोटर फ्लोटवर आपोआप चालू होते, तिला आपण काय करतो आहोत ते माहीत नसतं.

ठिणगी आपणही घेऊन येतो. तेल नळीतून वाहताना स्थिर वीज तयार होते. प्लास्टिकच्या डब्यात पडणारं पेट्रोल ती साठवतं, कारण प्लास्टिकमधून तिला वाट नाही. पंपावर टँकर रिकामा होताना नीट पाहा, झाकण उघडण्याआधी माणूस एक तार चिमट्यानं टँकरला लावतो, ती तार जमिनीत गेलेली असते. पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या प्लास्टिक जारमध्ये, सुती-नायलॉन मिश्र शर्ट घातलेल्या माणसानं, एक्वेरियमच्या किंवा कूलरच्या पंपानं तेल उपसणं म्हणजे ही सगळी शिस्त उलटी करणं आहे. कूलरचा पंप पाण्यासाठी असतो. त्याची वायर, त्याचं सील, त्याची मोटर यांपैकी काहीच वाफेच्या शेजारी चालवण्याजोगं नाही.

११ नोव्हेंबर २०२४ ची दुपार वडोदऱ्यातला कोणी विसरलेला नाही. शहराशेजारच्या कोयलीच्या रिफायनरीत बेन्झिनच्या टाकीला आग लागली, धुराचा खांब शहरभर दिसत होता, दोघांचे जीव गेले. तिथे फोमच्या गाड्या, प्रशिक्षित माणसं, सगळं होतं. माझा मुद्दा भीती घालण्याचा नाही. ज्या द्रवाला ते लोक इतकं बिचकून वागवतात, त्याला आपण गाड्यांच्या मधे बादलीत काढू पाहतो, एवढंच दाखवायचं आहे.

कायदाही इथे स्पष्ट आहे, आणि तो फार कोणाला माहीत नसतो. १९३४ चा पेट्रोलियम कायदा फ्लॅश पॉइंटवरून वर्ग पाडतो : २३ अंशांखाली तो 'अ' वर्ग, २३ ते ६५ चा 'ब' वर्ग. डिझेल 'ब'मध्ये येतं आणि त्याला मोठी सूट आहे. 'अ' वर्गाचं तेल परवान्याशिवाय, विक्रीसाठी नसेल तर, एकूण ३० लिटरच जवळ ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या एक लिटरपर्यंतच्या बाटलीत, नाहीतर २५ लिटरपर्यंतच्या धातूच्या डब्यात. प्लास्टिकचं नावच नाही. गाडीच्या टाकीतलं तेल वेगळं धरलं जातं. भावाच्या टाकीत जुनं पंधरा लिटर डिझेल आणि नवं बावीस लिटर पेट्रोल होतं. ते सदतीस लिटर गाडीच्या टाकीत असेपर्यंत कायद्याच्या आत होते, पार्किंगमधल्या डब्यांत आले असते तर बाहेर.

आणि काढलंच, तर त्याचं करायचं काय? एकानं सुचवलं, गाळून वेगळं करू. वेगळं होत नाही. पेट्रोल आणि डिझेल तेल-पाण्यासारखे थर धरत नाहीत, एकमेकांत पूर्ण मिसळतात. त्यांना वेगळं करायचं काम उकळबिंदूंच्या फरकावर होतं : पेट्रोल साधारण ३५ ते २१० अंशांच्या पट्ट्यात उकळतं, डिझेल १८० ते ३७० च्या. हे काम करायला आपल्या शहराशेजारी अख्खं गावच उभं आहे. अंकलेश्वरला तेल लागल्यावर सोव्हिएत मदतीनं कोयलीची रिफायनरी बांधली, तिचं पहिलं युनिट ऑक्टोबर १९६५ मध्ये सुरू झालं. आज तिची क्षमता वर्षाला १३७ लाख टन आहे. अशा रिफायनरीतून लांब जाणाऱ्या नळवाहिनीत पेट्रोल आणि डिझेल एकाच नळातून, एकामागे एक धाडलं जातं. जिथे एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाशी भिडतं तिथे मिश्रण तयार होतंच. पलीकडच्या टोकाला घनता मोजत बसलेला माणूस तो तुकडा बरोबर बाजूच्या टाकीत वळवतो, आणि तो मोजूनमापून पुन्हा वापरात आणतात किंवा पुन्हा उकळायला पाठवतात. मिश्र इंधनाचं योग्य ठिकाण ते. गटार नव्हे. आपल्या जुन्या शहरातली पावसाळी गटारं विश्वामित्री नदीला मिळतात, जिथे मगरी राहतात आणि भर वस्तीत राहतात. मोकळ्या प्लॉटवर ओतलं तर बोअरच्या पाण्यात. जेवढी गॅरेजं हे तेल घेऊन धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत वाटेनं पाठवतात, तेवढ्यांकडेच गाडी द्यावी, आणि देताना हा प्रश्न तोंडावर विचारावा.

उलटी चूक, पेट्रोल गाडीत डिझेल, थोडक्यात सांगता येते. इंजिन धूर टाकत, आचके देत बंद पडतं, प्लग काळे होतात. बहुधा टाकी आणि नळ्या धुऊन, प्लग बदलून गाडी परत उभी राहते, मात्र सायलेन्सरमधल्या उत्प्रेरकाला इजा होऊ शकते. पेट्रोलचं नोझल सडपातळ असल्यानं ते डिझेल टाकीच्या तोंडात आरामात जातं, डिझेलचं जाड नोझल मात्र बऱ्याच पेट्रोल गाड्यांत अडतं. म्हणून महागडी चूकच सोपी झाली आहे.

दोन गोष्टी नव्या आहेत आणि जुन्या मेकॅनिकांच्या अनुभवात नाहीत. एक, आता पंपावरचं पेट्रोल नुसतं पेट्रोल नसतं, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीच्या तळाशी पाणी असेल तर इथेनॉल त्याच्याबरोबर जाऊन खाली वेगळा थर धरतं, आणि पंपाची ओढ खालूनच असते. वडोदऱ्यात हे 'असेल तर' नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पस्तिसाच्या वर गेली, कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यांतल्या ज्यांची टाकी नीट धुतली गेली नाही, त्यांच्या तळाशी ओल अजून असू शकते. दुसरी गोष्ट डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी. अनेक नव्या डिझेल गाड्यांना ते वेगळ्या, निळ्या झाकणाच्या टाकीत लागतं. घरी कॅन आणून स्वतः ओतणारा माणूस कधी ते डिझेलच्या तोंडात ओततो. ते जड असल्यानं तळाशी जातं, सुकलं की स्फटिक धरतं, आणि पंप-इंजेक्टरचं जे नुकसान करतं ते पेट्रोलही करत नाही. नियम तोच : किल्ली नको.

युरोपात लोक स्वतः तेल भरतात, म्हणून चुकीचा भार त्यांनी वस्तूंवर टाकला. १२ ऑक्टोबर २०१८ पासून तिथे नव्या गाड्यांच्या झाकणावर आणि पंपावर एकच चिन्हं आहेत : पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन, वायूला तिरपा चौकोन. फोर्डसारख्या कंपन्यांनी डिझेल गाडीच्या तोंडाशी अशी खिट्टी बसवली की सडपातळ नोझल आत शिरतच नाही. ब्रिटनमध्ये चूक झालीच तर ठिणगीबंद पंप आणि धातूच्या टाक्या असलेली व्हॅन जागेवर येते. म्हणजे 'घरी काढून मिळतं', पण काढणारा घरचा नसतो.

आपल्याकडे नोझल पंपावरच्या मुलाच्या हातात असतं. दिवसाला शेकडो गाड्या, उन्हात उभं राहून, मागून हॉर्न. त्याच्यावर सगळं ढकलणं मला पटत नाही. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांच्या काचेवर रंगीत स्टिकर असतो : डिझेलला नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिका निळा. तो प्रदूषणाच्या तपासणीसाठी काढला, पण पंपावर नोझल उचलण्याआधी तो पाहायचा एवढं प्रत्येक पंपानं मुलांना शिकवलं तर खर्च शून्य आहे. टाकीच्या तोंडाची खिट्टी गाडीबरोबर येणं सक्तीचं व्हावं, असंही मला ठामपणे वाटतं. लाखाचा पंप वाचवायला ती स्वस्त आहे.

पैशाचं सांगायचं तर पावती टाकू नये. तिच्यावर तेलाचं नाव, वेळ आणि नोझल असतं. पंपावर तक्रारवही मागावी आणि तिथेच लिहावं. तोडगा निघाला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग आहे. पण मागितलं होतं काय हे दोन्ही बाजूंना सिद्ध करावं लागतं, म्हणून "फुल करी दो" एवढंच म्हणणाऱ्याची बाजू लंगडी पडते. विम्याची पॉलिसी वाचावी. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही, रस्त्यावरच्या मदतीच्या जोडणीत टोचन बसतं. चूक कळल्यावरही इंजिन चालवलं असेल तर कोणीच दाद देत नाही.

तक्रार करताना चूक आणि भेसळ यांत मात्र गल्लत नको. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियानं जिवंत जाळलं, ते टँकरमधली भेसळ पकडताना. तिथे चुकीचं इंधन कोणाच्या हातून नजरचुकीनं पडत नव्हतं.

भावाची गाडी शेवटी उचलून गॅरेजला गेली. मी मुद्दाम उभा राहिलो. उघड्या शेडमध्ये, बॅटरीची तार सोडवून, टाकी खाली उतरवली, धातूच्या पिंपात रिकामी केली, पिंपाला जमिनीची तार होती. टाकी डिझेलनंच धुतली, नळ्या धुतल्या, नवा फिल्टर लावला, एअर काढली. जुना फिल्टर मिस्त्रीनं फेकला नाही. त्यातलं तेल पांढऱ्या सुती फडक्यावर ओतलं आणि फडकं उन्हात धरलं. चमचम दिसली असती तर पंप उघडावा लागला असता. "जरा इधर आवो, दादा," तो म्हणाला, "तुम्हीपण बघून घ्या." फडकं फक्त पिवळसर ओलं होतं.